प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे : एक उपेक्षित समाजसेवक

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे अथवा स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संत, वीर, दानशूर गृहस्थ, शिक्षणमहर्षी अशा अनेकांची चरित्रे आजवर या पानांतून आली. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव सुचविले. ते ऐकून मंडळातील काही सभासदांच्या भुवया किंचित उंचावल्या. स्मरणिका घरोघरी जाते, ती लेकीसुना वाचतात, तेव्हा असा विषय त्यात असावा काय, अशी शंका त्यांनी प्रामाणिकपणे बोलून दाखविली. आमचे म्हणणे असे की, लेकीसुना वाचतात म्हणूनच तो असावा. मंडळाने उदार मनाने संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो.

कर्वे हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर येतात ते महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन करणारे, शंभराव्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, भारतरत्न झालेले अण्णासाहेब. त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, पुतळे आहेत, शाळांतून त्यांच्यावर धडे आहेत. परंतु त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव यांची ओळख कित्येक सुशिक्षित कुटुंबांतही नाही. असली तरी आवाज खाली आणून, काहीशा संकोचाने करून दिली जाते. पित्याचा गौरव आणि पुत्राविषयी मौन असे का झाले, हे समजून घेणे म्हणजेच कामविषयक ज्ञानाकडे आपला समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, हे समजून घेणे होय.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात, दापोलीनजीकच्या मुरूड या गावी झाला. मातोश्री राधाबाई १८९१ साली निवर्तल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. या एका कृत्यापायी मुरूडकरांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. सावत्र मातेच्या आगमनाबरोबर समाजाचा रोषही घरी आला, हा अनुभव अकरा वर्षांच्या मुलाने घेतला. समाज रागावला म्हणून योग्य गोष्ट अयोग्य ठरत नाही, हा धडा त्या वयातच त्यांच्या मनावर कोरला गेला असावा असे आम्हास वाटते.

तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १८९१ सालीच सरकारने संमतिवयाचा कायदा केला. मुलीच्या शरीरसंबंधास संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले, एवढाच तो बदल होता. तेवढ्यावरून पुण्यामुंबईत सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून रणे माजली. त्यापूर्वी रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. म्हणजे या विषयावर आपला समाज गप्प होता असे नव्हे. धर्म काय सांगतो, सरकारचा अधिकार किती, रूढी मोडावी की नाही, यांवर विद्वान मंडळी मोठमोठ्याने वाद करीत होती. परंतु त्या बारा वर्षांच्या मुलीच्या शरीरात काय घडते, गर्भ राहतो तो कसा, रोग होतो तो कशाने, हे तिला किंवा तिच्या पतीला सांगणारा कोणी नव्हता.

आपल्या पूर्वजांची गोष्ट मात्र निराळी होती. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ त्यांनी मानले, आणि काम हा त्यांतील एक गणला. वात्स्यायनाने कामसूत्र रचले, त्यावर यशोधराने जयमंगला टीका लिहिली, पुढे कोक्कोकाचे रतिरहस्य आणि कल्याणमल्लाचा अनंगरंग झाला. व्याकरण अथवा ज्योतिष यांप्रमाणे हाही शास्त्राचा विषय होता. त्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी आज ग्राह्य नाहीत, हे उघड आहे. तथापि विषयाचा उच्चारही पाप आहे, अशी त्यांची भावना नव्हती. पुढे कालौघात शास्त्र मागे पडले आणि विषय एकीकडे चावट गाण्यांत तर दुसरीकडे वैराग्याच्या उपदेशात वाटला गेला. त्यावर इंग्रजी अमदानीतील व्हिक्टोरियन सोवळेपणाचा लेप चढला. १८६० च्या दंडसंहितेत अश्लील पुस्तकांविरुद्धचे कलम आले. अश्लील म्हणजे काय याची व्याख्या मात्र विलायतेतील न्यायाधीशांनी ठरविलेली होती.

खुद्द विलायतेतही या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांची वाट सोपी नव्हती. १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाचे एक छोटे पुस्तक छापल्याबद्दल खटला झाला. ज्या बेझंटबाई पुढे आपल्याकडे होमरूलच्या चळवळीमुळे प्रसिद्धीस आल्या, त्याच या. १८९८ साली हॅवलॉक एलिस यांचा समलिंगी आकर्षणावरील शास्त्रीय ग्रंथ विकल्याबद्दल एका विक्रेत्यास लंडनमध्ये न्यायालयात उभे केले गेले. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिन येथे संततिनियमनाचे केंद्र उघडले, ते थोड्याच दिवसांत पोलिसांनी बंद पाडले. जर्मनीत डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये कामविज्ञानाची संस्था काढली. १९३३ च्या मे महिन्यात नाझी तरुणांनी ती लुटली आणि तिचे ग्रंथालय चौकात नेऊन जाळले. रघुनाथरावांनी जो मार्ग धरला तो जगभर काट्यांचाच होता. त्यात ते एकटे नव्हते. परंतु महाराष्ट्रात मात्र जवळजवळ एकटेच होते.

रघुनाथ अभ्यासात अत्यंत हुशार होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली बी. ए. झाले. वडिलांप्रमाणे त्यांनीही गणित हाच विषय निवडला आणि त्याचेच अध्यापन पत्करले. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिस येथेही राहून आले. तेथे फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. युरोपातील नवे विचार, वैद्यकातील नवी माहिती, स्त्रीपुरुषसंबंधांवरील नवे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले. गणिती मनुष्य कोणत्याही विधानास सिद्धता मागतो. परंपरा सांगते, ग्रंथ सांगतो, वडीलधारे सांगतात, एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. रघुनाथरावांनी हीच कसोटी मानवी जीवनातील सर्वांत नाजूक विषयास लावली. त्यांच्या चरित्राचे सारे मर्म यात आहे.

मुंबईस विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संततिनियमनाची माहिती व साधने देणारे केंद्र मुंबईत सुरू केले. भारतातील असे हे पहिले केंद्र होय. याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी तेथील पहिले केंद्र उघडले. विलायतेत जे नवे घडले ते आपल्याकडे पन्नास वर्षांनी पोहोचते, असा आपला नेहमीचा अनुभव. येथे मात्र मुंबईचा एक मराठी प्राध्यापक लंडनच्या बरोबरीने चालत होता, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. १९२३ साली संततिनियमनावरील त्यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे 'गुप्तरोगांपासून बचाव', 'आधुनिक कामशास्त्र', 'आधुनिक आहारशास्त्र', 'वेश्याव्यवसाय' अशी पुस्तके त्यांनी लिहिली. ग्रंथांच्या या नावांवरूनच दिसते की, मनुष्याचे आरोग्य हा त्यांचा खरा विषय होता. आहार हा त्याचा एक भाग आणि काम हा दुसरा, इतक्या सरळपणे ते त्याकडे पाहत.

या विचारांचा उघड पुरस्कार केल्यामुळे महाविद्यालयाच्या मिशनरी चालकांनी त्यांना राजीनामा देण्यास सांगितले. रघुनाथरावांनी नोकरी सोडली. विचार सोडले नाहीत. संसाराचा मोठा भार त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी उचलला. आपल्याला अपत्य नको, असा या दांपत्याने विचारपूर्वक निर्णय केला होता. लोकांना अनुभवावाचून उपदेश करणारा हा मनुष्य नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. त्या काळात निपुत्रिक स्त्रीला समाज काय काय ऐकवीत असे, हे आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. ते सारे ऐकून घेऊन मालतीबाई पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि केंद्राच्या कामासही त्यांनी हातभार लावला. या चरित्रातील अर्धा मान त्यांचा आहे, असे आम्ही मानतो.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, रघुनाथरावांनी हे मासिक चालविले. संपादक तेच, प्रमुख लेखक तेच, आणि मुद्रिते तपासण्यापासूनचे कष्टही त्यांचेच. मासिकाच्या मुखपृष्ठावर बहुधा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्यांना त्यातून सांगावयाचे होते. त्यामुळे विरोधकांच्या हाती आयते शस्त्र मिळाले, आणि कित्येक सज्जनांनी आतील मजकूर न वाचताच मासिक दूर ठेवले, असे आमचे नम्र मत आहे. पण तडजोड करणे हा रघुनाथरावांचा स्वभावच नव्हता.

आत काय असे? संततिनियमनाची माहिती असे. त्या काळी गोळ्या नव्हत्या. त्या पुढे १९६० साली अमेरिकेत आल्या. रबरी टोपी, निरोध, औषधी मलम अशी साधने होती, आणि ती कशी वापरावी हे साध्या मराठीत सांगणारे दुसरे स्थान नव्हते. गुप्तरोगांची माहिती असे. पेनिसिलीन येण्यापूर्वी उपदंशावरील उपचार दीर्घ आणि क्लेशकारक असत. पतीने बाहेरून आणलेला रोग निष्पाप पत्नीस होई, गर्भ पडत, मुले रोगी जन्मत, आणि दोष मात्र तिच्या नशिबाला लागे. 'शारदेची पत्रे' या सदरातून ते ढोंगावर कोरडे ओढीत. शिवाय वाचकांची प्रश्नोत्तरे असत. महाराष्ट्रातील कोणी तरुण, कोणी विवाहित, कोणी भयभीत झालेला विद्यार्थी आपली शंका लिहून पाठवी, आणि रघुनाथराव तिला नीतीचे व्याख्यान न देता शास्त्राला धरून उत्तर देत. हस्तमैथुनाने मनुष्य वेडा होतो, क्षय होतो, असली भीती घालून औषधे विकणारे वैदू तेव्हा गावोगाव होते. ते आजही नाहीसे झालेले नाहीत. ही भीती निराधार आहे, असे रघुनाथरावांनी स्पष्ट लिहिले. त्या एका उत्तराने किती तरुणांचे प्राण वाचले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी पुरुषवर्गास सर्वांत अधिक झोंबली. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, आणि अपत्य केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकारही तिचा आहे, असे ते म्हणत. अण्णासाहेबांनी विधवेला विद्या दिली आणि तिला स्वतःच्या पायावर उभे केले. रघुनाथरावांनी त्याच वाटेने पुढे जाऊन विचारले की, जिच्या देहावर तिची सत्ता नाही ती स्त्री स्वतंत्र कशी म्हणावी? पित्याच्या कार्याचा हा त्याग नव्हता. तो त्याचाच पुढील अध्याय होता. समाजाने पहिला अध्याय उशिरा का होईना स्वीकारला, आणि दुसरा वाचावयाचेच नाकारले.

नाकारणे केवळ निंदेवर थांबले नाही. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या खेपेस त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. स्वतःच्या चळवळीचा अवाढव्य व्याप डोक्यावर असता, आणि या खटल्यात लोकप्रियता मिळण्याचा संभव नसता, बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने शंका विचारली असता तिला शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. तथापि न्यायालयाला ते पटले नाही आणि रघुनाथरावांना दोनशे रुपये दंड झाला. नोकरी नसलेल्या, मासिक पदरमोड करून चालविणाऱ्या मनुष्यास दोनशे रुपये म्हणजे काय, याची कल्पना त्या काळचे पगार ठाऊक असलेल्यांनी करावी.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने श्री. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो बाबासाहेबांनीच तयार केला होता. सभागृहाने तो फेटाळला. महात्मा गांधींसारख्या विभूतीचाही कृत्रिम साधनांस विरोध होता. संयम आणि ब्रह्मचर्य हाच मार्ग ते सांगत. १९३५ च्या अखेरीस मार्गारेट सँगर वर्ध्यास जाऊन त्यांना भेटल्या, परंतु उभयतांचे मतैक्य झाले नाही. महात्माजींविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु जो संयम महात्म्यासही आयुष्यभर झगडून साधावा लागला, तो गिरणीतील कामगारास आणि खेड्यातील शेतकऱ्यास केवळ उपदेशाने कसा साधावा, हा रघुनाथरावांचा प्रश्न अनुत्तरित राहिला हेही खरे.

रघुनाथरावांना कोणाचेच साह्य नव्हते असे मात्र नाही. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी संततिनियमनाचे कार्य हाती घेऊन पुढे अनेक वर्षे चालविले. मुंबईस डॉ. पिल्ले यांनी १९३४ साली या विषयास वाहिलेले इंग्रजी नियतकालिक काढले. प्रख्यात कादंबरीकार ना. सी. फडके यांनीही १९२७ साली या प्रश्नावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. परंतु इंग्रजी ग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्यांपुरते राहतात. मराठीत, सामान्य माणसास कळेल अशा भाषेत, महिन्यामागून महिने लिहीत राहण्याचे काम रघुनाथरावांचे.

१९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम घेणारे भारत हे जगातील पहिले राष्ट्र ठरले. ज्या कामाबद्दल एका प्राध्यापकाने नोकरी गमावली होती, ते काम आता सरकारी धोरण झाले. परंतु या धोरणाच्या मानकऱ्यांत रघुनाथरावांचे नाव नव्हते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक ठरला. वृद्ध अण्णासाहेब पुत्राच्या मागे आणखी नऊ वर्षे जगले आणि १९६२ साली, वयाच्या एकशे चौथ्या वर्षावर, निवर्तले.

चरित्रलेखकाने केवळ स्तुती करू नये, म्हणून दोन शब्द उणिवांविषयी. रघुनाथरावांचा स्वभाव आग्रही होता आणि लेखणी बोचरी होती. तर्कापुढे माणसाच्या श्रद्धेचे आणि भावनेचे वजन ते फार कमी धरीत. त्या काळच्या अनेक पाश्चात्य विद्वानांप्रमाणे सुप्रजननाच्या कल्पनेचा प्रभाव त्यांच्यावरही होता. त्या कल्पनेने पुढे युरोपात केवढा अनर्थ केला हे आपण जाणतो. तत्कालीन वैद्यकाच्या आधारे लिहिलेल्या काही गोष्टी आज जुन्या झाल्या आहेत. परंतु त्यांनी कोणावर कधी जबरदस्ती केली नाही. माहिती द्यावी आणि निर्णय ज्याचा त्याने करावा, हीच त्यांची रीत. १९७६ साली आणीबाणीत सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा त्यांचे साधन सरकारने उचलले आणि त्यांचे तत्त्व मात्र टाकून दिले, असेच म्हणावे लागते.

काळाने त्यांना अनेक बाबतींत खरे ठरविले. १९७१ साली गर्भपाताविषयी उदार कायदा झाला. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षणास रोगांच्या यादीतून काढले, आणि २०१८ च्या सप्टेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांतील असे संबंध गुन्ह्यातून वगळले. त्याच महिन्यात व्यभिचाराचे फौजदारी कलमही रद्द झाले. ज्या दोन विषयांवरील लेखनाबद्दल रघुनाथरावांना दंड झाला, त्या दोहोंचा न्याय देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एकाच महिन्यात नव्याने केला, हा योगायोग विलक्षण होय. १९८१ साली य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, २००१ साली अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, २०१७ साली 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आले. उपेक्षेचा अंधार थोडा थोडा फिटत आहे.

तथापि घराघरांतील मौन फिटले काय? येथे आम्हास आमच्याच एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. आम्ही अनेक वर्षे शाळेत शास्त्र विषय शिकविला. जननसंस्थेचा पाठ आला की तो घरी वाचून घ्या, असे सांगून आम्ही पुढील पाठाकडे वळत असू. एकदा एका मुलाने उभे राहून त्या पाठातील एक साधी शंका विचारली. वर्ग हसला. आम्ही त्या मुलास तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. त्याने पुन्हा कोणत्याही विषयातील शंका आम्हास कधी विचारली नाही. त्याची शंका गैर नव्हती. उत्तर देण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते. निवृत्तीनंतर रघुनाथरावांचे लेखन वाचनात आले तेव्हा तो मुलगा आम्हास आठवला. ज्या प्रश्नाचे उत्तर दिल्याबद्दल त्यांनी दंड भरला, तसाच प्रश्न विचारल्याबद्दल आम्ही एका मुलास दंड केला होता. आम्ही एकटेच असे होतो असेही नाही. २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हा आपल्या राज्यातही मोठा गदारोळ होऊन तो कार्यक्रम बंद ठेवण्यात आला होता.

मौन म्हणजे मर्यादा नव्हे, हे आम्ही फार उशिरा शिकलो. मर्यादा बोलण्याच्या रीतीत असते. आई मुलीशी, पिता पुत्राशी, शिक्षक विद्यार्थ्याशी गंभीरपणे बोलू शकतो, आणि त्यात यत्किंचितही अमर्यादा होत नाही. आपण गप्प राहिलो तर मुले अज्ञानात राहतात असेही आता नाही. त्यांच्या हातातील यंत्रावर नको ते, नको त्या रूपात, क्षणात येते. शिकवावयाचे की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. शिकवावयाचे कोणी, एवढाच आता शिल्लक आहे.

रघुनाथराव जातिभेद मानीत नसत, तेव्हा कोणत्याही ज्ञातिसंस्थेने त्यांच्यावर हक्क सांगणे त्यांना रुचले नसते. पण त्यांच्यापासून काही शिकण्यास कोणाचीच आडकाठी नाही. आपल्या संस्थेतर्फे वधूवर मेळावा भरतो आणि या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर उपवर मुलामुलींची यादी असते. तीत गोत्र, उंची, शिक्षण आणि पगार यांची नोंद असते. पत्रिकेतील छत्तीस गुण आपण काळजीपूर्वक पाहतो. परंतु ज्या संसारात आपण या मुलांना पाठवितो, त्याविषयी एक शब्दही त्यांना सांगत नाही. आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, मेळाव्याच्या दिवशी एखाद्या अनुभवी स्त्री-वैद्याचे आणि एखाद्या जाणत्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे. विवाहापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह दोन्ही पक्षांनी सारख्याच मोकळेपणाने धरावा. मुलामुलींना चिठ्ठीवर, नाव न लिहिता, शंका विचारता याव्यात.

'समाजस्वास्थ्य'च्या प्रश्नोत्तरांचेच हे लहानसे रूप होईल. त्याबद्दल आता कोणासही दंड होणार नाही. हे घडले तर या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू, आणि वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या त्या मुलाचे आमच्यावरील ऋणही अंशतः फिटेल.

इत्यलम्.